ओझ्याचं दुसरं टोक

पहिलं यंत्र पाखाडीच्या तिसऱ्याच पायरीला अडकलं, तेव्हा आरेकरबाईंना मनापासून आनंद झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून, बदललेला उजवा गुडघा समोर लांब करून त्या बसल्या होत्या आणि हातातला चहा पुरवून पुरवून पीत होत्या.

"काय गं, दमलं का तुझं?" त्यांनी वरूनच विचारलं.

खाली तन्वी खातू त्या एकचाकी गाडीशी झटत होती. गाडी दिसायला गोंडस होती. पुढे एकच रुंद चाक, मागे दोन मुठी, आणि बुडाशी एका डब्यात सतत गरगरणारा जड भोवरा. फिरता भोवरा पडत नाही, या पोरासोरांनाही ठाऊक असलेल्या गोष्टीवर तिची सगळी करामत उभी होती. कितीही नारळ भरा, ती तोल सोडायची नाही. माणसाने नुसतं बोट लावायचं आणि ती चालू लागायची. सपाटीवर चाललीही होती. पण आरेकरांच्या वाडीत सपाटी होती फक्त खळ्यात.

"बाई, पायऱ्यांची उंची सारखी नाहीये," तन्वी धापा टाकत म्हणाली. "एक वीतभर, तर दुसरी पार गुडघ्याला येते. सारख्या असत्या तर चढली असती."

"माझ्या आजेसासऱ्यांना तुमच्या कंपनीचं माहितीपत्रक मिळालं नव्हतं ना तेव्हा. नाहीतर विचारूनच बांधल्या असत्या."

तन्वी हसली. बाईंचं बोलणं तिला नवं नव्हतं. आरेकरबाई तालुक्याच्या हायस्कुलात खेळ शिकवायच्या, आणि नववीत उशिरा येण्यापायी तन्वीने मैदानाला मारलेल्या फेऱ्या दोघींनाही आठवत होत्या. आता ती 'सुखभार' नावाच्या कंपनीत होती. वाडीतली, परसातली ओझी वाहणारी यंत्रं घरोघर न्यायची, चार दिवस वापरायला ठेवायची आणि लोकांना त्यातलं एक निवडायला मदत करायची, हे तिचं काम.

ओझ्यांना या वाडीत तोटा नव्हता. वर रस्त्याला लागून घर आणि खळं, त्याखाली उतारावर पोफळी, त्याखाली माड, शेवटी जांभ्याच्या दगडांचं कुंपण, म्हणजे गडगा, आणि पलीकडे समुद्राची पुळण. खालचं सगळं वर यायचं: नारळ, सुपारी, झावळ्या, नारळाची सोडणं. वरचं सगळं खाली जायचं: शेणखत, राख, माती. आणि यायला-जायला वाट एकच, जांभ्याच्या पायऱ्यांची ही पाखाडी. याच पाखाडीवर गेल्या वर्षी आरेकरबाई नारळांच्या हाऱ्यासकट, म्हणजे मोठ्या टोपलीसकट, घसरल्या होत्या.

तेव्हा हॉस्पिटलात उशाशी बसून त्यांच्या मुलीने, ऋचाने, त्यांच्याकडून शब्द घेतला होता. दसऱ्याच्या आत चांगलंसं यंत्र निवडायचं. नाही निवडलं, तर पुण्याला यायचं आणि वाडी कंपनीच्या देखभालीत द्यायची. भूल पुरती उतरलेली नसताना घेतलेला शब्द, पण शब्द तो शब्द. शिट्टी वाजल्यावर रडायचं नाही, असं ज्यांनी जन्मभर पोरांना शिकवलं, त्यांना तो मोडता येत नव्हता. आता दसरा तोंडावर आला होता. वाडी हातात राहणार की जाणार, हे या चार यंत्रांवर ठरणार होतं, आणि चारही नापास करायची असं बाईंनी मनातल्या मनात पक्कं केलं होतं.

दुसरं यंत्र म्हणजे पट्ट्यावर सरपटणारी गाडी. ती पायऱ्या चढली, अगदी रुबाबात चढली, पण वळणावर पाण्याच्या पन्हळीचा काठ तिने असा चुरडला की शिंपणाचं पाणी पोफळींना सोडून थेट शेजारी गेलं. "हिला पाखाडी रुंद लागेल," तन्वी म्हणाली. "या दोन पोफळी काढल्या तर..."

"गाडीसाठी वाडी कापायची? उद्या चप्पल लागते म्हणून पाय कापायला सांगशील."

तिसरा होता उडता हारा. सहा पंख्यांची टोपली, वरच्या वर नारळ उचलून आणणारी. त्याने पायऱ्यांचा प्रश्नच ठेवला नाही. मात्र त्याच्या वाऱ्याने पोफळीच्या फुलोऱ्याची कोवळी शिंपुटं झडून खाली पडली आणि वाळत घातलेली सुपारी खळंभर उधळली. ती गोळा करायला तन्वीलाच बसवलं बाईंनी. कंपनीचा शर्ट घातलेली ती मुलगी खाली वाकून सुपाऱ्या वेचत होती, आणि बाई शेजारी उभ्या राहून राहिलेल्या सुपाऱ्या काठीने दाखवत होत्या.

चौथा मात्र रेडा निघाला.

कंपनीने त्याचं नाव वेगळंच काहीतरी ठेवलं होतं, पण काळा रंग, चार पाय, रुंद पाठ आणि डोक्याच्या जागी खाली झुकलेला एक चौकोन बघून अख्ख्या आळीने त्याला रेडा म्हणायला सुरुवात केली होती. आळीत बहुतेकांकडे तो होताच. पाय कुठे टाकायचा हे तो आधी अदृश्य किरणांनी चाचपून बघायचा. आंधळा माणूस काठीने चाचपतो तसं, फक्त क्षणात हजार वेळा. पायरी वीतभर असो की गुडघाभर, शेवाळलेली असो की डुगडुगती, त्याचा पाय पडला की पडला. पाठीवर दोन हारे अडकवा आणि 'खळं' म्हणा, तो खळ्यात हजर. चौकोनाखालच्या चिमट्याने पडलेले नारळ हाऱ्यांत भरायचे आणि वर रिते करायचे, हेही तो आपलं आपण करायचा.

"आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सांगते, बाई," तन्वी म्हणाली. "याचा नकाशा एकट्याचा नसतो. सगळ्या रेड्यांचा मिळून एकच असतो. आपण म्हणतो ना, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा? इथे एकाला ठेच लागली की त्याच मिनिटाला सगळे शहाणे."

"वेद तेवढे म्हणायचे राहिलेत म्हणजे."

"बोलतो तो. पण बहुतेकांनी आवाज बंद ठेवलाय."

"माझ्याकडे बोलू दे. घरात कुणीतरी बोलायला हवं."

आरेकरबाईंनी त्याला नापास करायचे सगळे प्रयत्न केले. पायरीचा दगड तिरका करून ठेवला, वाटेत झावळ्या टाकल्या, ऐन वळणावर पाण्याची बादली ठेवली. रेडा थांबायचा, चौकोन किंचित हलवायचा आणि वळसा घालून जायचा. शेवटी त्या स्वतःच पाखाडीवर आडव्या उभ्या राहिल्या. एकेकाळी जिल्ह्याच्या कबड्डी संघातून खेळलेली बाई. हात पसरले, गुडघे जमतील तितके वाकवले आणि रेड्याला डावीकडे हुल दिली. तो उजवीकडून गेला. उजवीकडे हुल दिली, तो डावीकडून गेला. पाठीवरचा एक नारळ हलला नाही आणि बाईंच्या पदराला त्याचा स्पर्शही झाला नाही. नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदाच त्या पाखाडीवर बसून पोट धरून हसल्या.

आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना तो आवडायला लागला. गुडघा दुखेना. सकाळी खत खाली जायचं, दुपारी नारळ वर यायचे, आणि बाई खळ्यात बसून पेपर वाचायच्या. ऋचाला फोनवर त्या म्हणाल्या, "ठीक आहे. नावं ठेवायला जागा नाही." पलीकडून ऋचाने सोडलेला सुस्कारा त्यांना स्पष्ट ऐकू आला. पण आनंदाचा म्हणावा असा आनंद होत नव्हता. काहीतरी राहून जात होतं, आणि काय ते त्यांना दोन-तीन दिवस सांगता येईना.

मग एका सकाळी लक्षात आलं. आळी गप्प होती.

डोक्यावरून ओझं नेणाऱ्या माणसाची एक अडचण असते. ओझं एकदा डोक्यावर बसलं की मैलभर जाता येतं, पण जमिनीवरून डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतंच. डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवायची, हाऱ्याशी वाकायचं आणि हाक मारायची, "हात लाव गो." मग शेजारीण हातातलं टाकून गडग्याच्या पायरीवरून यायची. गडग्याला दोन्ही अंगांनी दगड बाहेर काढून पायऱ्या ठेवलेल्या असायच्या त्या याचसाठी. हाऱ्याला दोघींनी हात लावायचा, एक-दोन-तीन, आणि ओझं वर. हाक मारली की भांडण असलं तरी जायचं, असा आळीचा रिवाजच होता. आणि आलेली बाई काय हात लावून लगेच परत जाते? सुनेचं, सांध्यांचं, मासळीच्या भावाचं बोलूनच जायची. सकाळभर या वाडीतून त्या वाडीत हाका चालू असायच्या.

आरेकरबाईंना हात लावायला यायची ती शहनाज मुकादम, मधल्या गडग्यापलीकडची शेजारीण. बाईंना चारू म्हणणारी आळीत ती एकटीच. ती नवरी होऊन इथे आली त्याच्या पुढच्याच वर्षी बाई आल्या. दोघींनी एकमेकींच्या डोक्यावर किती हारे चढवले असतील त्याची गणती नाही. दोन वर्षांपूर्वी शहनाजच्या दुबईतल्या मुलांनी तिच्यासाठी रेडा पाठवला. पहिल्या आठवड्यात बाईंनी हाक मारली तेव्हा शहनाज आली, हात लावला आणि बोलता बोलता म्हणाली, "तू पण घे ना गो रेडा, कशाला जीव काढतेस?" एवढंच. पण ते बाईंना लागलं. आपली हाक तिला आता कटकट वाटते, असं त्यांनी मनात धरलं, आणि हाक मारणं बंद केलं. शहनाजला वाटलं, चारू आता बोलवत नाही, तर मी कशाला तोंड वर करून जाऊ. ईदला शिरखुर्मा आला, गणपतीला मोदक गेले, दोन्ही शहनाजच्या रेड्याच्या पाठीवरून.

त्यानंतर बाई हारा कसाबसा गडग्यावर टेकवायच्या आणि तिथून एकट्याच डोक्यावर ओढून घ्यायच्या. अशाच एका सकाळी पाखाडीच्या पायथ्याशी तो ओढताना तोल गेला आणि त्या पायऱ्यांवर घसरल्या. त्या पडल्या त्या ओझ्याने नव्हे, हात लावायला कुणी नव्हतं म्हणून. हे त्यांनी ना डॉक्टरांना सांगितलं, ना ऋचाला. सांगायला अभिमान आड आला.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी तन्वी उत्तर न्यायला येणार होती. बाई सुपारी सोलत बसल्या होत्या. रेडा खाली माडांत होता, आणि त्याचे निरोप सांगायला तन्वीने खळ्यात ठेवलेल्या डबीतून आवाज आला, "शेजारच्या वाडीत नवा अडथळा. वाट बदलली."

"बदल बाबा," बाई म्हणाल्या. झावळी पडली असेल कुठे. शहनाजच्या रेड्याला ठेच लागली आणि आपला शहाणा झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी पुढची सुपारी घेतली. रेडा एक खेप घेऊन वर आला, रिकामा होऊन खाली गेला, पुन्हा आला.

मग डबी पुन्हा बोलली. "अडथळा हलला. वाट पुन्हा मोजली."

बाईंचा अडकित्ता थांबला. झावळी हलत नाही. कुत्रं असतं तर उठून गेलं असतं, वाट पुन्हा मोजायची वेळच आली नसती. हलतं पण जात नाही, असं काय आहे तिकडे? आणि एकदम त्यांना पाखाडीवर हात पसरून उभ्या असलेल्या स्वतःच आठवल्या, आणि पदराला स्पर्शही न करता बाजूने निघून गेलेला तो काळा चौकोन.

त्या निघाल्या. काठी घ्यायचं भान राहिलं नाही. शेवाळावरून, पन्हळीवरून, गडग्याच्या पायरीवर चांगला पाय ठेवून, बदललेला पाय हाताने उचलून पलीकडे टाकून. शहनाजच्या वाडीत विहिरीखालच्या वाटेवर ती पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, ओढणी चिखलात, आणि तिच्याभोवती ओल्या मातीत चार पायांच्या ठशांची एक सुबक कमान. तिचा स्वतःचा रेडा तेव्हापासून तिला वळसा घालून नारळ वाहत होता. त्यांच्यासमोरच तो पुन्हा आला, तिच्या डोक्यापासून हातभर अंतर ठेवून पाय टाकत गेला, आणि बाईंना त्या उन्हातही शहारा आला.

"आलीस?" शहनाजचा आवाज पार बसला होता. "कधीची ओरडतेय. फोन वर ओटीवर राहिला. ह्या समुद्रापुढे कुणाला ऐकू जातंय?"

"मला हाक मारायचीस ना गो."

"तुलाच मारत होते, दुसऱ्या कुणाला?"

बाईंनी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं. मग नाक पुसून एकशे आठला फोन लावला. गाडी निघाली होती, पण ती वरच्या रस्त्यापर्यंतच येणार, तिथवर पेशंटला आणून ठेवा, असं पलीकडून सांगितलं. मध्ये मुकादमांची पाखाडी होती, त्यांच्या स्वतःच्या पाखाडीहून उभी.

रेडा रिकामा होऊन परत येत होता. बाईंनी त्याला थांबवलं. दोन्ही हारे काढून फेकले, पाठीवर पोतं पसरलं, आणि शहनाजला काखेत धरून त्याच्यावर टेकवायला गेल्या. रेडा दोन पावलं मागे सरला. "सजीव भार. परवानगी नाही."

"अरे, हिचाच आहेस ना तू?"

"सजीव भार. परवानगी नाही."

त्यावर आरेकरबाईंनी त्याला जे ऐकवलं ते शाळेच्या मैदानावर कधी ऐकवलं नव्हतं. शहनाज दुखण्यातही हसली. मग बाई उभ्या राहिल्या, तोंडाभोवती हातांचा पुडा केला आणि छातीत होता तेवढा वारा घेऊन ओरडल्या, "हात लावा रे! मुकादमांच्या वाडीत हात लावा!"

ती हाक त्या आळीत कित्येक महिन्यांत कुणी मारली नव्हती. पहिल्यांदा काहीच झालं नाही. माडांतून रेड्यांच्या पायांचं ते एकसारखं टपटप-टपटप तेवढं येत राहिलं. बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. मग वरच्या अंगाला एक दार वाजलं. लुंगी सावरत दत्ताराम विखारे गडग्यावर दिसले, त्यांच्या मागे गुरवांची सून पिठाच्या हातानेच आली, आणि उत्तर न्यायला आलेली तन्वी आरेकरांच्या खळ्यातून धावत खाली आली.

"बाई, मी कंपनीला फोन करते, सजीव भाराची परवानगी लांबून..."

"फोन नंतर. दोन बांबू आण. विहिरीपाशी आहेत. आणि सुरी."

खताच्या दोन पोत्यांचे खालचे कोपरे कापून त्यातून बांबू ओवले, की झाली डोली. शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला बाई हेच शिकवायच्या, आणि तन्वीचे हात विसरले नव्हते. शहनाजला वर घेतलं. "एक, दोन, तीन," बाई म्हणाल्या, आणि ओझं उचललं गेलं. पुढे विखारे आणि तन्वी, मागे गुरवांची सून आणि स्वतः बाई. प्रत्येक पायरीला गुडघ्यातून कळ निघत होती आणि प्रत्येक पायरीला बाई ती गिळत होत्या. वाटेत रेडा आडवा आला, थांबला, आणि वळसा घालून शिस्तीत निघून गेला.

शहनाजच्या मांडीचं हाड मोडलं होतं. आणखी उशीर झाला असता तर निभावणं अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

कंपनीने त्यानंतर चटकन हालचाल केली, हे मान्य करायला हवं. ऋचा पुण्याहून आली त्याच दिवशी तन्वीही आली, आणि खळ्यात उभं राहूनच तिने सांगितलं. आधी रेडे प्रत्येक निजलेल्या कुत्र्यामांजराची वर्दी द्यायचे, लोक वैतागले, म्हणून ती सोय काढून टाकली होती. आता ती सुधारून पुन्हा घातली आहे. अडथळा उबदार असेल, माणसाएवढा असेल आणि उठत नसेल, तर रेडा तिथेच थांबेल आणि एकशे आठला आपणहून कळवेल. सगळ्या रेड्यांना हे काल रात्रीपासून कळलं आहे.

"चांगलं केलंत," आरेकरबाई म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या. "आता हा तुमचा घेऊन जा."

ऋचा ओटीवरून उठली. "आई, असं काय करतेस? त्याच्यातला दोष गेलाय ना? तू निवडीन म्हणून शब्द दिला होतास."

"निवडलंय की."

खळ्याच्या कोपऱ्यात दोन बांबू उभे होते. पोती काढून बाईंनी त्यावर सुंभाची जाळी विणून घेतली होती. बुटकी, रुंद, दोन्ही टोकांना मुठींसाठी कापड गुंडाळलेलं.

ऋचा त्या जाळीकडे आणि मग आईकडे बघत राहिली. "हे साधन आहे? याला दोन माणसं लागतात."

"म्हणूनच निवडलं."

"तू इथे एकटी असतेस, आई. गेल्या वर्षी पडलीस ती..."

"का पडले ते विचारलंस कधी?" बाईंचा आवाज चढला. "ओझं जड होतं म्हणून नाही पडले. हारा डोक्यावर द्यायला कुणी नव्हतं म्हणून पडले. शहनाज शेजारी होती, पण मी हाक मारली नाही. माझा ताठा. आणि ती आली नाही, तिचा ताठा. पूर्वी ताठा परवडायचा नाही कुणाला, कारण ओझं उचलायचं असायचं. दुसऱ्या दिवशी हाक मारावीच लागायची. तुमच्या रेड्याने ओझं उचललं, ते बरं केलं, पण ती हाकसुद्धा उचलून नेली. आता तो एकशे आठला कळवेल. कळवू दे. एकशे आठवाला गडग्यावरून येऊन माझ्या सुनेची चौकशी करणार आहे का?"

"तुला सून नाहीये," ऋचा म्हणाली.

"मुद्दा कळला ना?"

तन्वी खाली मान घालून हसू दाबत होती. ऋचाला मात्र हसू आलं नाही. तिचे डोळे भरले होते. आई हॉस्पिटलात पांढरी फटक पडून होती तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता, आणि आईच्या बोलण्यातलं खोटं काही तिला सापडत नव्हतं.

"मी पुण्याला येणार नाही," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "वाडी कुणाच्या देखभालीत जाणार नाही. जितकं दोघांना उचलेल तितकंच या वाडीतून वर येईल. बाकीचं खाली कुजू दे, माडांना खत होईल. ये इकडे. पुढचं टोक घेतेस की मागचं?"

ऋचाने वहाणा काढल्या, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि पुढच्या मुठी धरल्या. दोघी पाखाडी उतरल्या. खाली माडांत नारळ पडलेले होते. जाळीवर मावतील तेवढे भरले. एक, दोन, तीन, आणि ओझं उचललं. पहिल्या वळणावर पावलं जुळेनात, ऋचा भराभर चढत होती आणि मागच्या टोकाला बाई ओढल्या जात होत्या. "माझी पावलं ऐकून चाल," बाई म्हणाल्या. मग जुळली. खळ्यात ओझं टेकवलं तेव्हा ऋचाचा चेहरा लाल झाला होता आणि तन्वीचा रेडा फाटकाबाहेर टेम्पोत चढून बसला होता.

"आज मी धरलं," ऋचा दम घेत म्हणाली. "उद्या मी जाणार. शहनाजमावशी अजून महिने महिने पलंगावर. विखारेकाकांच्या घरी रेडा आहे, गुरवांकडे आहे, सगळ्यांकडे आहे. त्यांना तुझी गरज नाही, आई. परवा दुसरं टोक कोण धरणार?"

 बाई पाखाडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी मुकादमांची वाडी, पलीकडे विखाऱ्यांची, गुरवांची, सगळीकडे ते टपटप-टपटप चालूच होतं. हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून शहनाजचा पलंग खिडकीशी होता, आणि तिथून ती ऐकत असणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तोंडाभोवती हात धरले.

"हात लावा गो!"

खिडकीतून शहनाजचा बसका आवाज आला, "मी येतेय, चारू. पाय जुळू दे नुसता."

बाकी कुणी बोललं नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली आणि कान देऊन उभ्या राहिल्या. वारा पडला होता. विखाऱ्यांच्या गडग्याच्या अंगाने, पोफळींच्या आडून, काहीतरी जवळ येत होतं. पाचोळा वाजत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा वाजत होता. ऋचा काही विचारायला गेली, तशी बाईंनी हात वर करून तिला गप्प केलं आणि पावलं मोजायला लागल्या. दोन पाय होते, की चार?